डब्बूचे पाचशे गुण

गाड्यांमधलं मला कळतं, असं आमच्या घरात एकाच माणसाचं मत आहे आणि तो माणूस मी आहे.

मत अगदीच हवेतलं नाही. मी फरीदाबादच्या एका कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे भाग तपासतो. समोर आलेला भाग मापात आहे की नाही ते बघायचं आणि शिक्का मारायचा, पास किंवा नापास. हे काम इतकी वर्षं केलंय की भाजीवाल्याकडचा टोमॅटोही मी उजेडात धरून सगळ्या बाजूंनी फिरवून बघतो. (‘अंकलजी, टमाटर है, हीरा नहीं,’ असं तो एकदा म्हणाला. मी तो टोमॅटो नापास केला.) प्रत्यक्ष गाडी मात्र मी चालवत नाही. ती माझी बायको अनघा चालवते. रोज द्वारकेहून गुडगावला ऑफिसात जाते, ट्रकवाल्यांना बाजूला करते, आणि काच खाली करून हिंदीत असं काही बोलते जे ती माहेरी नक्कीच शिकलेली नाही. मी मेट्रोने जातो. गाडीचं ज्ञान वेगळं आणि गाडी चालवणं वेगळं, असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो.

गेल्या गणपतीच्या आधी आमच्या द्वारकेच्या मराठी मंडळात एक मीटिंग झाली. विषय नेहमीचाच होता. तरुण मुलं आरतीला येत नाहीत. मंडळाचे सेक्रेटरी साठे यांनी यावर उपाय काढला. साठे टॅक्सचे सल्लागार आहेत आणि त्यांच्या हातात माइक गेला की तो परत मिळायला बराच वेळ लागतो. ते म्हणाले, “यार, मुलांना जे आवडतं ते आपण हॉलमध्ये आणू या. कंप्यूटरवर गाड्यांची रेस. मोठ्या पडद्यावर. जोडी लावायची, एक पालक आणि एक मूल. म्हणजे मुलं येतील आणि आईबापही येतील. रेस झाली की लगेच आरती. दार आपण बंद करून घेऊ.”

आमची मुलगी मृणू कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि ती हाच गेम खेळते. हॉलमध्ये टीव्हीला तिचा लॅपटॉप जोडलेला असतो, कानावर हेडफोन, आणि आपण काही विचारलं तर एक कान जरासा उघडून ती “हं?” म्हणते. तेवढ्या फटीतून जे बोलता येईल तेवढंच आमचं बोलणं. स्पर्धेचं कळल्यावर तिने दोन्ही कान उघडले आणि थेट स्वयंपाकघरात गेली.

“आई, तू माझ्याबरोबर खेळशील?”

“अगं, त्या दिवशी मोदकांचं सगळं माझ्याकडे आहे. अख्ख्या मंडळाचे मोदक. बाबाला विचार.”

मग मृणू म्हणाली, “दुसरं कोणी नाहीये का?”

मी बाहेर बसून पेपर वाचत होतो. पान उलटताना मी जरा जास्तच आवाज केला.

तर अशी आमची जोडी ठरली. मृणूने मला समोर बसवून नियम समजावले. या गेममधल्या प्रत्येक गाडीला गुण असतात. इंजिनात दम जास्त, गुण जास्त. वजन कमी, गुण जास्त. टायर रस्त्याला चांगले चिकटणारे, गुण जास्त. आमच्या स्पर्धेत गाडी पाचशे गुणांच्या वर चालणार नव्हती. पाचशे एक झाले तर गाडी स्टार्टलाच उभी करणार नाहीत. पाचशेच्या आत मात्र कुठलीही घ्या, हवे ते बदल करा.

“म्हणजे सगळ्या गाड्या सारख्याच झाल्या की,” मी म्हणालो. “मग निवडायचं काय?”

“तीच तर गंमत आहे ना, बाबा. गुण मोजताना जे मोजत नाहीत, ते ज्या गाडीत जास्त आहे ती गाडी घ्यायची.”

“म्हणजे?”

“म्हणजे टायर किती टिकतात, वळणावर नखरे करते का, ब्रेक उशिरा मारला तरी ऐकते का. हे काही त्या गुणांमध्ये धड येत नाही.”

अनघा आतून म्हणाली, “आपले पत्रिकेत बत्तीस गुण जुळले होते. तेव्हा मला हे कोणी सांगितलं नाही.”

मृणूने मग तिची गाडी दाखवली. एक जुनी, छोटी, निळी, डब्यासारखी चौकोनी गाडी. बाजूला लांबलचक लाल-पिवळ्या गाड्या उभ्या होत्या, नाक जमिनीला लावून, आणि त्यांच्यामध्ये ही अशी उभी होती जशी लग्नाच्या मांडवात कोणाची तरी शाळेतली मुलगी. तिचं नाव डब्बू. मृणूने कित्येक महिने तिच्यावर काम केलं होतं. इथे जरा घट्ट, तिथे जरा सैल, थोडंसं इंजिन, थोडेसे टायर, असं करत करत डब्बू पाचशेच्या अगदी काठावर आणून ठेवली होती.

“दिसायला काही खास नाही,” मी म्हणालो.

“चालवून बघ.”

मी चालवली. रिमोटसारखं एक यंत्र दोन हातांत धरायचं, उजव्या बोटाने वेग, डाव्या बोटाने ब्रेक. मी सरळ रस्त्यावर अतिशय उत्तम चालवली. मग वळण आलं. मी ब्रेक दाबला. डब्बू थांबली.

“बाबा, थांबायचं नाही.”

“वळण आहे.”

“हो, पण थांबायचं नाही. हळू करायची.”

“ब्रेक म्हटल्यावर तो नीट लागला पाहिजे. मी आयुष्यभर हेच तर बघतोय.”

पुढच्या वळणावरही मी थांबलो. त्याच्या पुढच्याही. मृणूने घड्याळ बघितलं, मग छत बघितलं. शेवटी म्हणाली, “ठीक आहे. पहिले दोन राउंड पालकांनी मारायचे आहेत. तू फक्त रस्त्यावर राहा. बाकी मी बघते.”

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मी तिला फोनवर मैत्रिणीशी बोलताना ऐकलं. ती हिंदीत बोलत होती. “नहीं यार, पापा को बस दो लैप झेलना है। गाड़ी अच्छी है, निकाल लेंगे।”

झेलना है. म्हणजे त्यांनी मला सहन करायचं होतं. इतक्या वर्षांत कारखान्यात माझ्या सहीशिवाय एक ब्रेक बाहेर पडलेला नाही, आणि घरात मी म्हणजे दोन राउंडचं संकट. माझं जेवणावरचं मन उडालं. (त्या दिवशी पडवळाची भाजी होती, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.) मी ठरवलं की या जोडीत आपलं काहीतरी योगदान असलं पाहिजे. चालवणं जमत नाही, ठीक आहे. पण गाडी? गाडी तर आपला विषय.

फरीदाबादहून घरी येताना मेट्रो बदलली की करोल बाग वाटेतच लागतं. शनिवारी अर्धा दिवस होता. मी उतरलो. तिथे गाड्यांच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत. एका दुकानात एक दाढीवाले गृहस्थ स्टिअरिंगवर चढवायच्या कव्हरांच्या ढिगात बसले होते.

“हां जी, बोलिए।”

“भाईसाहब, एक छोटी गाड़ी है। पुरानी। रेस में भगानी है।”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. टिफिनची पिशवी, छत्री, कारखान्याचं ओळखपत्र.

“आप भगाओगे?”

“बेटी भगाएगी। मैं थोड़ा सा।”

“अच्छा। तो सीधी बात है जी। वजन निकालो। पीछे की सीट बाहर, कारपेट बाहर, स्टेपनी बाहर। जो चीज़ चलने के काम की नहीं, बाहर। गाड़ी हल्की, तो गाड़ी हवा।”

हे मला एकदम पटलं. कारखान्यातही आम्ही हेच म्हणतो की वजन हा शत्रू.

“गाड़ी कहाँ खड़ी है? ले आओ, आज ही खोल देता हूँ।”

“गाड़ी... टीवी में है।”

त्या गृहस्थांनी हातातलं कव्हर खाली ठेवलं. मग त्यांनी आतल्या बाजूला तोंड करून हाक मारली, “ओए सुन, इधर आ, एक कस्टमर आया है।” आतून दोन माणसं आली आणि मला बघून गेली. मी निघताना लाजेखातर एक स्टिअरिंग कव्हर घेतलं. घरी आल्यावर कळलं की ते जीपचं आहे.

घरी कोणी नव्हतं. अनघा मोदकांसाठी नारळ बघायला गेली होती आणि मृणू मंडळाच्या लेझीमच्या प्रॅक्टिसला. लॅपटॉप चालू होता. डब्बू पडद्यावर उभी होती, निळी, निरागस.

मी खुर्चीवर बसलो. ‘वजन कमी करा’ असा पर्याय शोधला आणि तो सापडला. त्यात पायऱ्या होत्या. मी पहिली दाबली. पडद्यावर इंग्रजीत एक सूचना आली की हा बदल कायमचा आहे, मागे घेता येणार नाही, तुमची खात्री आहे का? आता बघा, बँकेपासून फोनपर्यंत रोज कुठे ना कुठे कोणीतरी मला विचारतं की तुमची खात्री आहे का. मी प्रत्येक वेळी ‘हो’ दाबतो. ‘नाही’ दाबलं तर काय होतं हे मला आजही माहीत नाही. मी ‘हो’ दाबलं. मग दुसरी पायरी. मग तिसरी. शेवटच्या पायरीला डब्बूचे मागचे दरवाजेसुद्धा आतून पोकळ झाले असावेत.

डब्बू हवा झाली. गुण झाले पाचशे पासष्ट.

मला पाच सेकंद फार आनंद झाला. आयुष्यात पाचशेपैकी पाचशे पासष्ट मला कधी मिळाले नव्हते. मग मर्यादा आठवली. मी ‘मागे’चं बटण शोधायला लागलो. नव्हतं. लॅपटॉप बंद करून चालू केला. डब्बू तशीच, हाडं निघालेली, पाचशे पासष्टवर. मी देवघरातल्या गणपतीकडे बघितलं. तो अजून यायचा होता, फक्त चौरंग होता.

पण माणूस कारखान्यातला असेल तर तो असा हार मानत नाही. माप वर गेलंय ना, मग खाली आणू. मी इंजिनाची ताकद कमी केली. गुण उतरले. चांगले टायर काढून सगळ्यात कडक टायर बसवले. आणखी उतरले. तरी पाचशेच्या वरच. मग गाडीत मुद्दाम वजन ठेवायची सोय सापडली. म्हणजे आधी काढलेलं वजन परत घालायचं. कुठे ठेवायचं असंही गेमने विचारलं, पुढे की मागे. सामान ठेवायची जागा डिकीच असते. मी सगळं मागे ठेवलं.

पाचशे. बरोब्बर पाचशे. काल पाचशे, आज पाचशे. कागदोपत्री गाडीत काहीच फरक नव्हता. मी मनातल्या मनात तिच्यावर पासचा शिक्का मारला आणि चहा करून घेतला.

दुसऱ्या दिवशी स्पर्धा दुपारी होती. सकाळी मृणू शेवटचा सराव करायला बसली. मी पेपर घेऊन बाजूला. पहिल्या वळणावर डब्बूने शेपूट फिरवलं, पूर्ण गोल घेतला आणि गवतात जाऊन उभी राहिली. मृणूने पुन्हा सुरू केलं. डब्बू पुन्हा गवतात. मृणूने हेडफोन काढले आणि मांडीवर ठेवले.

“बाबा, काल लॅपटॉपला कोणी हात लावला होता?”

पेपर माझ्या हातात उलटा होता, हे मला तेव्हा दिसलं.

“मी जरा पासंग ठेवलाय मागे,” मी म्हणालो.

“पासंग म्हणजे? पसंत?”

“नाही गं. पासंग. तराजूत वजन बरोबर यावं म्हणून घालतात तो दगड.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने एक एक करून सगळं उघडून बघितलं. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. शेवटी अगदी हळू म्हणाली, “हे परत होत नाही, बाबा. वजन कमी केलेलं परत होत नाही.”

“पण गुण पाचशेच आहेत ना?”

हे वाक्य मी का बोललो, हे मला आजही कळलेलं नाही.

ती उठून खोलीत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावलं. मी तिथेच बसून राहिलो. अनघा नारळाच्या चवाने भरलेले हात घेऊन बाहेर आली, पडद्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“काय केलंस?”

“मदत.”

ती परत आत गेली. आमच्या घरात ‘मदत’ या शब्दाला इतका इतिहास आहे की पुढे विचारायची गरज नव्हती.

थोड्या वेळाने मृणू बाहेर आली. डोळे जरा लाल होते. तिने मागचं वजन पुढे सरकवलं, टायर थोडे बदलले, इंजिनाशी झगडली. दर वेळी गुण पाचशे दोन, पाचशे चार असे वर जायचे आणि तिला कुठेतरी काहीतरी सोडून द्यावं लागायचं. मी सुचवलं की दुसरी गाडी घेऊ, ती लाल लांब नाकाची. मृणू म्हणाली, “ती पाचशेमध्ये बसवायची तर तिचं अर्धं इंजिन बांधून टाकावं लागेल. मग ती नुसती जड आणि चिडकी. प्लीज, तू काही सुचवू नकोस.” मी त्यानंतर काही सुचवलं नाही. “आपण नाव काढून घेऊ का?” एवढंच एकदा विचारलं, पण ते सुचवण्यात येतं असं ती म्हणाली.

दुपारी हॉल गच्च भरला होता. साठ्यांचं गणित खरं ठरलं होतं. तरुण मुलं खरोखर आली होती, कँटॉनमेंटमधली फौजी कुटुंबंसुद्धा आली होती. एका टेबलावर सहा लॅपटॉप एकमेकांना जोडलेले, समोर मोठा पडदा, आणि साठ्यांच्या हातात माइक. त्यांचा मुलगा चिन्मय आणि त्याची आई आमच्या शेजारीच होते. कँटॉनमेंटचे हवालदार जाधव आणि त्यांची शाळकरी मुलगी टोकाला. सुरुवातीचे राउंड पालकांचे. मी यंत्र हातात घेतलं तर ते घामाने निसटत होतं. मृणू माझ्यामागे हाताची घडी घालून उभी होती.

“बाबा, पहिलं वळण डावीकडे आहे. हळूच.”

शर्यत सुरू झाली. पहिलं वळण आलं. मी हळूच ब्रेक दाबला. म्हणजे माझ्या हिशेबाने हळूच. आपली डब्बू, जिला आता मागे काय आणि पुढे काय हेच कळेनासं झालं होतं, ती जागच्या जागी फिरली. मी घाबरून वेगाचं बटण दाबलं. ती सुसाट निघाली. मला हायसं वाटलं, कारण रस्ता एकदम मोकळा होता.

माइकवरून साठे म्हणाले, “आणि आपले करंदीकर साहेब उलटे निघाले आहेत. बहुतेक काहीतरी घरी विसरलं.”

ट्रॅकला फेरी मारून समोरून चार गाड्या येत होत्या. मी दिल्लीत इतकी वर्षं राहतोय, राँग साइडने येणाऱ्यांना मी मेट्रोच्या पुलावरून नेहमी नावं ठेवत आलोय. ती सगळी नावं मला त्या क्षणी आठवली. मी पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला. रस्ता तिथे दोन भिंतींमध्ये अरुंद होत होता. डब्बू बरोबर मधोमध आडवी थांबली. पहिली गाडी माझ्यावर आदळली. दुसरी पहिलीवर. साठे वहिनी तिसऱ्या. त्या “अय्या” म्हणाल्या आणि त्यांनी यंत्र टेबलावर ठेवून दिलं. चौथी गाडी भिंतीला घासत येऊन आमच्यामध्ये पाचर मारल्यासारखी बसली.

गेममध्ये ट्रॅफिक जाम झाला. मृणूने नंतर सांगितलं की तिने असं आधी कधी बघितलं नव्हतं.

इतका वेळ शांत बसलेले हॉलमधले सगळे काका एकदम उभे राहिले. शर्यतीतलं त्यांना काही कळत नव्हतं, पण अडकलेली गाडी काढून देणं हा दिल्लीत प्रत्येक पुरुषाला आपला हक्क वाटतो. चारी बाजूंनी आवाज सुरू झाले. “पीछे लो, पीछे लो.” “अहो, उजवीकडे वळवा.” “बस बस बस, आने दो.” एक आजोबा तर पडद्यासमोर जाऊन दोन्ही हातांनी गाडीला मागे घ्यायला लागले. त्यांची सावली पडली आणि मला डब्बूही दिसेनाशी झाली. साठे माइकवर “कृपया बसून घ्या, कृपया” म्हणत होते आणि कोणी बसत नव्हतं.

मला काहीही सुचत नव्हतं. कुठलं बटण मागे जायचं, तेही विसरलो होतो. जमीन दुभंगावी असं माणूस म्हणतो, मला तेवढीही आशा नव्हती. हॉल तिसऱ्या मजल्यावर होता, दुभंगली असती तरी मी खालच्यांच्या हॉलमध्ये पडलो असतो आणि तिथे कोणाचं तरी साखरपुड्याचं जेवण चालू होतं.

तेवढ्यात मागून अनघाचा आवाज आला. मोदकाच्या उकडीने माखलेले हात वर धरून ती दारात उभी होती. अगदी शांत, ज्या आवाजात ती रोज गुडगावच्या रस्त्यावर गाडी काढत असेल त्या आवाजात ती म्हणाली, “प्रदीप, कोणाचं ऐकू नकोस. डावं बोट धरून ठेव. मागे. अजून मागे. आता थांब. पूर्ण उजवीकडे. सोड. हळू पुढे. त्याला लागू दे, काही होत नाही.”

लागलं. समोरची गाडी सरकली. डब्बूमध्ये मी भरलेलं ते वजन होतं ना, त्याचा आयुष्यात एकदा उपयोग झाला. ढकलत ढकलत ती बाहेर पडली आणि मागचा रस्ता मोकळा झाला. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. आजोबांनी घाम पुसला.

जाधव मात्र या सगळ्यात नव्हतेच. पहिल्याच वळणाला ते सरळ शेतात गेले होते आणि तिथून वाट शोधत इतके मागे राहिले होते की ते पोचेपर्यंत जाम सुटलेला होता. ते आपले शांतपणे सगळ्यांच्या मधून निघून गेले. त्यांच्या मुलीने पुढचे राउंड मारले आणि ती जोडी पहिली आली.

माझे दोन राउंड कसे संपले ते मला आठवत नाही. यंत्र मी मृणूच्या हातात दिलं तेव्हा आम्ही इतके शेवटी होतो की पडद्यावर आमच्या पुढे कोणीच दिसत नव्हतं आणि मागे तर कोणी नव्हतंच. ती खुर्चीवर बसली. मी तिच्याकडे बघायची हिंमत केली नाही. थोड्या वेळाने तिचे खांदे हलताना दिसले. रडतेय, असं वाटलं. मी वाकून बघितलं तर ती हसत होती. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती, आणि हसत हसत गाडी चालवत होती. डब्बू दर वळणावर शेपूट टाकायची, मृणू ते कसंबसं आवरायची, आणि पुन्हा हसायची. आम्ही शेवटचे आलो. शर्यत संपली आणि साठ्यांनी खरोखरच दार लावून घेतलं.

घरी येताना अनघा उरलेले मोदक पोचवायला गेली आणि आम्ही दोघं चालत निघालो. मी म्हणालो, “मृणू, सॉरी. तुझी डब्बू गेली.”

तिने लॅपटॉपची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाली, “गाडी परत बनेल, बाबा. वेळ लागेल, पण बनेल. तू मला आधी विचारलं का नाहीस?”

“कसं विचारणार? तुझे कान बंद असतात.”

“हेडफोन काढ म्हणायचं.”

“तू चिडतेस.”

“मग चिडू दे ना. चिडले की काढते.”

मी फोनवर ऐकलेलं ते ‘झेलना है’ तिला सांगितलं. ती चालता चालता थांबली. “ते तू ऐकलंस?” म्हणाली. मग माझा हात धरून रस्ता ओलांडला. तिच्या लहानपणी मी तिचा धरायचो तसा. मी काही म्हणालो नाही, कारण समोरून राँग साइडने स्कूटर येत होती.

आता संध्याकाळी ती मला शेजारी बसवते. नवी डब्बू पहिल्यापासून बनते आहे. नियम एकच, माझे दोन्ही हात मांडीखाली. कधी कधी ती हेडफोन गळ्यात ठेवून मला विचारतेही, “काय वाटतं, बाबा, हे जरा घट्ट करू?” मी खूप विचार करून उत्तर देतो आणि ती बरोबर उलटं करते. डब्बू छान चालली आहे.

फक्त तिने लॅपटॉपला पासवर्ड लावलाय. तो अनघाला सांगितलाय, मला नाही. तीन वेळा चुकीचा टाकला की पडद्यावर पासवर्ड ओळखायची एक खूण येते, आणि ती तिने मराठीत लिहून ठेवली आहे: ‘बाबांना न जमणारी एक गोष्ट.’ मी रोज प्रयत्न करतो. गाडी, ब्रेक, वळण, मोदक, टोमॅटो, सगळं टाकून झालं. शेवटी काल अनघालाच विचारलं की निदान काहीतरी कल्पना दे. ती म्हणाली, “तुझी अडचण माझ्या लक्षात येते. पर्याय फार आहेत.”